माहुलची हवा आणि मित्रोवित्साचे शिसे

१९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर कवठे महांकाळ, जत, आटपाडीकडून जी माणसे पोटासाठी मुंबईला गेली, त्यांत आपल्या समाजाची माणसे बरीच होती. आजही तालुक्यातल्या कोणत्याही बौद्ध वस्तीत विचारा, कुणाची आत्या घाटकोपरला तर कुणाचा चुलतभाऊ चेंबूरच्या झोपडपट्टीत निघतोच. त्यामुळे माहुलचा प्रश्न मुंबईकरांचा म्हणून आपल्याला सोडून देता येत नाही.

माहुल चेंबूरच्या टोकाला आहे. शेजारी हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमचे तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या, जवळच खत कारखाना. अशा जागी प्रकल्पग्रस्तांसाठी सात मजली ७२ इमारती बांधल्या. घरे सतरा हजारांवर. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंच्या झोपड्या हटवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला होता. त्या आदेशावर बोट ठेवून २०१७ मध्ये विद्याविहार, घाटकोपर भागातली कुटुंबे इथे आणली गेली. त्यांत बौद्ध, मातंग, मुस्लिम, उत्तर भारतीय कष्टकरी असे सगळेच होते.

इथली हवा कशी आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते, असे नाही. २०१३ मध्येच केईएम रुग्णालयाने माहुल-आंबापाडा परिसरात पाहणी केली होती. तीन माणसांतल्या दोघांना वरचेवर धाप लागत होती. डोळ्यांची जळजळ तर त्याहून जास्त लोकांना. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. म्हणजे सामानाचे टेम्पो माहुलला लागले, तेव्हा लवादाचा निकाल सरकारच्या टेबलावर पडून होता.

असेच, याहून भीषण, कोसोवोत रोमा लोकांच्या बाबतीत घडले आहे. रोमा म्हणजे युरोपात 'जिप्सी' म्हणून हिणवला जाणारा, हजारेक वर्षांपूर्वी भारतातून गेलेला समाज. त्यांच्या भाषेत पाण्याला आजही 'पानी' म्हणतात. हंगेरीत शायोकाझा गावच्या रोमांनी बाबासाहेबांच्या नावाने शाळा काढली, 'जय भीम नेटवर्क' उभे केले, हे आपल्या वाचकांना माहीत आहेच.

मित्रोवित्सा शहरात रोमांचा 'महाला' होता, म्हणजे आपला मोहल्लाच. वस्ती सुमारे ८,००० ची. जून १९९९ मध्ये युद्ध थांबले, सर्बियन सैन्य गेले आणि अल्बेनियन जमावाने ही वस्ती जाळली. नाटोचे सैनिक शहरात असताना हे घडले. बेघर झालेल्यांपैकी काहीशे लोकांना संयुक्त राष्ट्रांनी त्रेपचा खाणीच्या कचऱ्याच्या ढिगांजवळ तळ ठोकून ठेवले. थोड्या दिवसांसाठी, असे सांगून.

ऑगस्ट २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच प्रशासनाने शिशाच्या प्रदूषणाचे कारण देऊन त्रेपचाची भट्टी बंद केली. प्रशासनाचे प्रमुख बर्नार कुश्नेर स्वतः डॉक्टर होते. भट्टी बंद झाली, पण तळ हलले नाहीत. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांचे रक्त तपासले, तेव्हा काही मुलांच्या रक्तातले शिसे यंत्राच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे गेलेले निघाले. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते आणि ते नुकसान भरून येत नाही. चेस्मिन लुग हा तळ बंद व्हायला २०१० साल उजाडले.

२०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच मानवाधिकार सल्लागार मंडळाने प्रशासनाला दोषी धरले आणि पीडितांना भरपाई द्यावी अशी शिफारस केली. उत्तर काय आले? २०१७ मध्ये खेद व्यक्त झाला आणि एक निधी जाहीर झाला. त्यात ज्या देशाला वाटेल त्याने पैसे टाकायचे, आणि तेही व्यक्तीला भरपाई म्हणून नव्हे, तर समाजाला मदत म्हणून! २०२० पर्यंत त्यात जवळपास काहीच पैसे जमले नव्हते. हक्काच्या जागी दान पुढे केले की असेच होते.

इथे आपली बाजू थोडी वेगळी पडते. रोमांना संयुक्त राष्ट्रांविरुद्ध दाद मागायला बंधनकारक न्यायालयच नव्हते. माहुलच्या लोकांकडे संविधान होते आणि कलम २१ होते. ऑक्टोबर २०१८ पासून ते विद्याविहारच्या फुटपाथवर बायकामुलांसह बसले आणि न्यायालयातही लढले. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की कुणालाही सक्तीने माहुलला पाठवू नये. दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी. हा आदेश हक्क म्हणून आला, उपकार म्हणून नाही. अर्थात अंमलबजावणीसाठी पुन्हा चपला झिजवाव्या लागल्याच.

आणि रिकाम्या राहिलेल्या घरांचे काय? २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने ती आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. घर साधारण साडेबारा लाखांना. मुंबईत या किमतीत खोलीसुद्धा मिळत नाही, तरी अर्ज अगदी थोडे आले. पालिकेच्या सफाई खात्यात कोणत्या समाजाची माणसे आहेत, हे वेगळे सांगायला नको. आपल्या तालुक्यातले जे पालिकेत चाकरीला आहेत, त्यांना स्वस्त घराच्या जाहिरातीबरोबर २०१५ चा लवादाचा निकालही कुणीतरी वाचून दाखवायला हवा. पालिका तो दाखवणार नाही.