घराचं तोंड आणि घराची पाठ

मैत्रिणींनो, इंग्लंडमधल्या जुन्या घरांची चित्रं तुम्ही पाहिली असतील. मधोमध दार, दोन्ही अंगांना मोजून सारख्या खिडक्या, नक्षीचा फारसा सोस नाही. ही जॉर्जियन पद्धत. १७१४ ते १८३० या काळात तिथल्या गादीवर ओळीनं चार जॉर्ज राजे बसले, त्यांच्यावरून हे नाव पडलं.

असं घर ओळखायचं ते खिडक्यांवरून. उंच, ऐसपैस खिडक्या दिसल्या की समजावं, आत पाहुण्यांचा दिवाणखाना. वर वर जावं तशा खिडक्या बुटक्या होत जातात. छपरालगतच्या इवल्याशा खिडक्यांमागे नोकरमाणसं झोपायची. आणि स्वयंपाकघर? शहरी घरांत ते बहुधा तळघरात! वाफाळते पदार्थ जिने चढून वर न्यायचे. त्यातून १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर चक्क कर होता. तो चुकवायला कित्येकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. उजेडालाही पैसे मोजायचे म्हणजे झालं!

बाथ शहरातली रॉयल क्रेसेंट ही तीस घरांची अर्धचंद्राकृती रांग. धाकट्या जॉन वुडनं १७६७ मध्ये तिचं काम सुरू केलं. समोरून सगळा एकच राजवाडा वाटतो. मागे जाऊन पाहावं, तर कुणाची भिंत पुढे आलेली, कुणाची मागे, छपरंही खालीवर. कारण दर्शनी बाजू ठरल्याबरहुकूम, बाकीचं घर ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं बांधलेलं.

पैशाचंही तसंच, बरं का. बर्कशरमधलं बॅसिल्डन पार्क फ्रान्सिस साइक्सनं १७७६ पासून बांधलं, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत बंगालमध्ये केलेल्या कमाईवर. यॉर्कशरच्या हेअरवुड हाउसमागे वेस्ट इंडीजमधली साखर आणि गुलामांचा व्यापार. समोरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

ही घरं सुंदर आहेत, यात वादच नाही. खिडक्यांचं ते मोजमाप अजून डोळ्यांना निववतं. पण घराची खरी पारख त्याच्या पाठीमागून होते. तेव्हा नवी जागा पाहायला जाल, तर दिवाणखान्यावर भुलू नका. आधी ओट्यापाशी उभ्या राहा. तिथे उजेड येतो का? धूर जायला वाट आहे का? धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला नीट बसता येईल एवढी मोरी आहे का? मग बाहेरच्या खिडक्या खुशाल मोजा!