कंपाइल झाले, अपलोड झाले का?

दरवर्षी ३१ ऑगस्टच्या सुमारास अँड्रॉइड अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या डोक्यावर गूगल प्लेची मुदत येऊन बसते. २०२५ साली अट होती ती अँड्रॉइड १५ ची: पुढची आवृत्ती चढवायची तर ती त्यासाठी बांधलेली हवी. याच सुमारास धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन शेंगेवर असते आणि खरिपाच्या ई-पीक पाहणीचीही मुदत चालू असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या या पद्धतीत शेतकरी स्वतःच शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर चढते. अ‍ॅपवाल्याची घाई आणि शेतकऱ्याची घाई अशी एकाच पंधरवड्यात येते.

असली मुदत गाठताना बहुधा जुन्या लायब्रऱ्याही बदलाव्या लागतात. रिअ‍ॅक्टिव्ह पद्धतीने लिहिलेल्या नेटवर्क कोडमध्ये खरी गोम इथेच असते. अशा कोडसाठी वापरल्या जाणाऱ्या आरएक्सजावा या लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीची देखभाल फेब्रुवारी २०२१ मध्ये थांबली आणि तिसऱ्या आवृत्तीत पॅकेजची नावे बदलली. इम्पोर्ट दुरुस्त केले, कंपायलर गप्प झाला, पण सर्व्हरशी बोलणाऱ्या रेट्रोफिट लायब्ररीचा, तिला आरएक्सजावाशी जोडणारा अ‍ॅडॉप्टर जुनाच राहिला, तर अ‍ॅप पहिल्याच विनंतीला कोसळते. हा दोष परवडला. तो कार्यालयातच सापडतो.

महागात पडतात ते कोसळणे थांबवण्यासाठी घाईत केलेले उपाय. एक, चूक आली की रिकामी यादी परत द्यायची. मग रेंज गेली तरी पडद्यावर दिसते ‘एकही नोंद नाही’. दोन, उत्तर थेट न घेता ‘रिस्पॉन्स’मध्ये गुंडाळून घ्यायचे. मग सर्व्हरने ५०० हा दोषाचा आकडा पाठवला तरी कोडच्या लेखी तो यशाच्याच वाटेने येतो, आणि कोणी आकडा तपासला नाही तर ‘माहिती अपलोड झाली’ असा खोटा निरोप झळकतो. तीन, पडदा बंद केल्यावर मागे राहिलेली चूक. आरएक्सजावाच्या दुसऱ्या आवृत्तीपासून अशी चूक घ्यायला कोणी नसेल तर अ‍ॅप बंद पडू शकते. म्हणून सगळ्याच चुका गिळणारा एक हँडलर बसवला जातो, आणि नेटवर्क तुटल्याच्या चुकीबरोबर कोडमधले खरे दोषही त्यात गडप होतात.

हे कार्यालयाच्या वायफायवर कधीच दिसत नाही. धाराशिवमधल्या बालाघाट डोंगररांगेच्या उतारावर रेंजची एक काडी येते-जाते, फोटो अर्ध्यात अडकतो, तेव्हाच ते बाहेर येते. त्याची किंमतही तिथेच मोजली जाते, कारण सातबाऱ्यावर पीक नसेल तर विमा, हमीभावाची खरेदी आणि अतिवृष्टीचे अनुदान अशा तिन्ही ठिकाणी शेतकऱ्याला खुलासे देत फिरावे लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यातल्या भूम-परंडा तालुक्यांत पिके पाण्याखाली गेली, तेव्हा अशा नोंदीचे मोल कोणाला सांगावे लागले नाही.

दुरुस्ती अवघड नाही. फोटो आणि नोंद आधी फोनमध्ये साठवावी; पाठवण्याचे काम पडद्यावर न टाकता अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरकडे, म्हणजे अ‍ॅप बंद झाले तरी काम पुरे करणाऱ्या यंत्रणेकडे, द्यावे; प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक असावा, म्हणजे तीच नोंद पुन्हा गेली तरी दोनदा चढणार नाही; आणि सर्व्हरची पोच आल्याशिवाय ‘झाले’ म्हणू नये.

उरते ते वेळापत्रक, आणि ते प्रोग्रामरच्या हाती नसते. शेतकऱ्यांसाठी अ‍ॅप बनवून घेणाऱ्या खात्यांनी करारातच लिहावे, की लायब्ररीचे बदल जूनच्या पेरणीआधी संपतील आणि हंगामात फक्त दोषदुरुस्ती होईल. तरीही उशीर झालाच, तर गूगल १ नोव्हेंबरपर्यंत मुदतवाढ देते, ती मागावी. आणि बिल मंजूर करण्याआधी एक चाचणी परंड्याच्या शिवारात घ्यावी: अपलोड अर्ध्यावर असताना नेट बंद करायचे आणि अ‍ॅप खरे बोलते का, ते पाहायचे.