सिंहासनावरून दिसणारा इतिहास

लहानपणी आवडलेले पुस्तक प्रौढपणी पुन्हा उघडावे, आणि अक्षरे तीच असूनही अर्थ निराळा लागावा, असा अनुभव पुष्कळांना येतो. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्हांस तो एका संगणकीय खेळाने दिला. त्याचे नाव ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर व ब्रूस शेली यांनी रचलेला पहिला भाग १९९१ साली निघाला. सातवा २०२५ साली.

या खेळात घाई नाही. बुद्धिबळाप्रमाणे आपली चाल संपली की मग प्रतिपक्षाची. इ. स. पूर्व ४००० च्या सुमारास एक वस्ती बसवायची आणि कुंभारकाम, लिपी, छापखाना अशा पायऱ्यांनी तिला अवकाशयानापर्यंत न्यायचे. महाविद्यालयात असताना ‘आता एकच चाल’ असे म्हणता म्हणता आमच्या कित्येक रात्री सरल्या. त्या वाया गेल्या असे आम्ही मानीत नाही. लिपीवाचून ग्रंथालय नाही, धान्यावाचून वस्तीची वाढ नाही, ही कार्यकारणाची साखळी सनावळ्या पाठ करून उमगली नव्हती, ती तेथे उमगली.

यंदा आम्ही पाचवा भाग काढला आणि पूर्वीप्रमाणेच पोर्तुगालची बाजू घेतली. त्या बाजूस एक खास सवलत आहे. परक्या नगरराज्याच्या किनाऱ्यावर ‘फेइतोरिया’, म्हणजे वखार, बांधता येते. मग मैत्री असो वा नसो, तेथील मोलाचा माल आपणांस मिळू लागतो. ही चाल पूर्वी आम्ही मोठ्या हौसेने खेळत असू. या वेळी हात अडखळला. १५१० पासून १९६१ पर्यंत ज्या गोव्यात पोर्तुगालची सत्ता होती, तेथेच आमचे घर आहे. आणि त्या नगरराज्यातील माणसाला या वखारीविषयी काय वाटते, हे विचारण्याची सोय पटावर कोठेच नाही.

सातव्या भागाची मूळ योजना तर अशी की, युग पालटले की संस्कृती बदलावी, राजा मात्र तोच राहावा. गोव्याचा अनुभव नेमका उलट आहे. कदंब, विजयनगर, आदिलशाही, पोर्तुगीज असे राज्यकर्ते बदलत गेले. घरातली कोंकणी आणि देवळातले मराठी कीर्तन टिकून राहिले.

म्हणून हा खेळ टाकून द्यावा, असे आमचे मत नाही. विद्यार्थिमित्रांनी तो अभ्यास आटोपून अवश्य खेळावा. जिंकल्यावर मात्र एकदा सिंहासनावरून उतरून त्या वखारीच्या दाराशी उभे राहावे, आणि तेथून पट कसा दिसतो तेही पाहावे. इतिहासाचा खरा अभ्यास तेथून सुरू होतो.