नुसती जेली

जेली म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे अजून लग्नाच्या रिसेप्शनमधली ती काचेची वाटी येते. तळाशी लालभडक जेली, वर पिवळे कस्टर्ड, आणि चमचा लावला की अंगात कापरे भरल्यासारखी सगळी वाटी थरथरायची. तापातून उठलेल्या मुलांना ती द्यायची, वाढदिवसाला ती करायची. आमच्या सासूबाई तर तिला ‘विलायती खरवस’ म्हणत आणि दात पडल्यावर आवडीने खात. तेव्हा जेलीला भ्यावे असे तिच्यात काही असेल, हे साठी उलटेपर्यंत माझ्या ध्यानीमनी आले नव्हते.

सहा वर्षे इंग्लंडात राहून आमची सूनबाई पुण्याला परत आली, ती येताना एक नवीन विद्या घेऊन आली. तिकडे पार्टीला म्हणे उंच प्याल्यांतून थराथरांची जेली करतात आणि पाण्याऐवजी तीत फेसाळ वाइन घालतात. खरी शॅम्पेन फक्त फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातली. पण जेलीसाठी एवढा खर्च कोण करतो? तिकडे इटलीतली प्रोसेको घालतात. आपल्याकडे तर नारायणगावात १९८०च्या दशकातच शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळ वाइन निघू लागली होती, आणि आता नाशिकची सहज मिळते. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला, म्हणजे एकतीस डिसेंबरला, गच्चीवर हीच जेली करायची असे तिने ठरवले. घरात प्रथमच बाटली येणार म्हणताना आमच्या ‘ह्यां’नी कायद्याचा मुद्दा काढला. मुंबई राज्याचा १९४९चा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रात अजून आहे आणि प्यायला परवाना लागतो, हे त्यांना पाठ. “पण चमच्याने खायला लागतो का?” असे त्यांनी अगदी गंभीरपणे विचारले. परवाने काढून झाले आणि तो प्रश्न तसाच राहिला.

मला शिकायची हौस. ऑक्टोबरातच आम्ही तालीम घेतली आणि ती सपशेल फसली. मी कौतुकाने ताज्या अननसाचे तुकडे घातले होते. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही सकाळी पाहते तो प्याल्यांत सरबत! जिलेटिन हे प्रथिन, आणि कच्च्या अननसात प्रथिन पचवून टाकणारा पदार्थ असतो. पपई, किवी, ताजे अंजीर यांतही तसाच असतो. मांस लवकर शिजावे म्हणून आपण त्याला कच्ची पपई लावतो, त्यातलाच हा प्रकार. फळ आधी उकळून घेतले तर चालते. डब्यातला अननस म्हणूनच चालतो. दुसऱ्या खेपेस द्राक्षे घातली, जेली सुरेख लागली. पण ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात टेबलावर पंधरा मिनिटे ठेवली आणि थर एकमेकांत मिसळून गेले. जिलेटिन आपल्या अंगाच्या उष्णतेलाच वितळते. जिभेवर ते विरघळते ते याच गुणामुळे, आणि आपल्या हवेत फजिती होते तीही त्याच गुणामुळे.

डिसेंबरात मात्र जमले. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी सांगते. दहा ग्रॅम जिलेटिनची पूड चार मोठे चमचे गार पाण्यावर भुरभुरावी आणि दहा मिनिटे फुगू द्यावी. वाटीभर पांढऱ्या द्राक्षांचा रस तीन चमचे साखर घालून गरम करावा आणि त्यात ती विरघळवावी. उकळी फुटू देऊ नये, जिलेटिनचा जोर जातो. हे मिश्रण पूर्ण निवले, जरासे दाटसर वाटू लागले, की बर्फासारखी गार केलेली वाइन तीनशे मिलिलिटर घ्यावी आणि भांडे तिरपे धरून कडेकडेने ओतावी. इथे घाई करणाऱ्या बाईचे काम नाही. धबधबा ओतला की फेस येऊन सगळे बुडबुडे उडून जातात. हलक्या हाताने ओतले तर ते जेलीतच अडकतात आणि दिव्यापुढे प्याला धरला की मोत्यांसारखे चमकतात. खाताना जिभेला बारीक झिणझिण्या येतात, ती खरी गंमत.

एक थर बोटाला किंचित चिकटेल इतपत धरला की त्यावर दुसरा घालायचा. त्याआधी घातला तर भोक पडते, फार उशीर केला तर थर सुटून घसरतात. वरून येणारे मिश्रण गारच हवे, नाहीतर खालचा थर वितळलाच म्हणून समजा. फळेही थर निम्मा धरल्यावर टाकावीत. आधी टाकली तर बुडबुडे त्यांना बिलगतात आणि सगळी द्राक्षे वर येऊन बसतात. आम्ही तळाशी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा साधा थर केला, मध्ये वाइनमध्ये हिरवी द्राक्षे आणि वर वाइनमध्येच डाळिंबाचे दाणे. एका बाटलीत दहा प्याले झाले. गच्चीवर दिव्यांच्या माळेखाली ते मांडले तेव्हा आमचे ‘हे’सुद्धा कायदा विसरले.

प्याल्यांची परात घेऊन मीच फिरत होते. धाकट्या वन्संनी नेहमीप्रमाणे विचारले, “वहिनी, ही कशाची?” वन्सं अंडेसुद्धा खात नाहीत. जिलेटिन जनावरांच्या हाडांचे आणि कातड्याचे करतात, हे मला सूनबाईने सांगितले होते. त्यामुळे मी त्यांना खरे ते सांगितले आणि त्यांनी मुकाट्याने पेढा घेतला. (सासूबाईंच्या विलायती खरवसाचे मात्र मी त्यांना अजून सांगितलेले नाही.) त्यांच्या शेजारी त्यांचा मुलगा बसला होता. त्याने प्याला उचलला, चमचा घेतला आणि मला म्हणाला, “मामी, ह्यात काही आहे का?”

आणि मी म्हणाले, “अरे, नुसती जेली आहे! खा.”

खोटे बोलायचे माझ्या मनातही नव्हते. आईने हाडांचे विचारले होते, म्हणून ह्याचेही तेच विचारणे असेल असे मला वाटले. हा तर कांदापोह्यांबरोबर आम्लेट खाणारा. वाइन मीच माझ्या हाताने ओतली होती, तरी त्या क्षणी ती मला आठवली नाही. जेली म्हणजे पोराबाळांचे खाणे, हेच डोक्यात पक्के बसलेले. चमचा त्याच्या तोंडाशी गेला. माझे लक्ष वन्संकडे गेले, तर त्यांचा पेढा हातात तसाच राहिला होता आणि नजर मुलाच्या हातावर खिळली होती. त्याने वास घेतला. मग चमचा प्याल्यात ठेवला, प्याला परातीत ठेवला आणि हसून म्हणाला, “नको मामी. आज पोट जरा जड आहे.”

त्या दिवशी त्याने दारू सोडल्याला चार वर्षे होऊन गेली होती. ती चार वर्षे वन्संनी कशी काढली, हे आमच्या घरात मला सर्वांत जास्त ठाऊक. पहिल्या वर्षी त्या रात्री-अपरात्री मलाच फोन करीत.

निघताना जिन्यात तो थांबला. “मामी, रागावू नका. मला विचारावंच लागतं. होमिओपॅथीच्या बाटलीचंसुद्धा विचारतो मी.” मला उत्तर सुचले नाही. जिन्यातला दिवा गेला होता, तेवढेच बरे झाले.

दुसऱ्या दिवशी सूनबाई आणि मी हिशेब करीत बसलो. भाजीत वाइन घालून उकळली तर तिच्यातला मद्यार्क थोडाफार तरी उडतो. इथे उकळी नाहीच, उलट वाइन गार राहावी म्हणून सगळी धडपड! म्हणजे जेवढी ओतली तेवढी पोटात जाते. प्रत्येक प्याल्यात पंचाहत्तर मिलिलिटर, म्हणजे वाइनचा चांगला अर्धा पेला. वर साखर आणि फळे, त्यामुळे तिखटपणा जिभेला कळत नाही, आणि खाताना आपण पितो आहोत असे मनालाही वाटत नाही. ही काही आजची ओळख नव्हे. अमेरिकेतल्या जेरी थॉमस नावाच्या मद्यवाढप्याने १८६२ साली पुस्तक लिहिले, त्यात पंचची जेली दिली आहे आणि तिथेच वाचकांना बजावलेही आहे की जिलेटिनमुळे हिचा जोर झाकला जातो, आणि ती भरपूर खाऊन पुष्कळ जणांना, विशेषतः बायकांना, जेवणानंतरचा नाच जमत नाही! बायकांवरचा शेरा सोडून देऊ. इशारा मात्र दीडशेहून अधिक वर्षे छापील होता, आणि मी तो माझ्या हाताने ओतूनही विसरले.

त्यानंतर मी चायना ग्रासकडे वळले. समुद्रातल्या शेवाळाचे ते, त्यामुळे वन्संनाही चालते. त्याची एक हकीकत मला फार आवडते. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरीत, आणि उन्हाळ्यात ते वितळून जाई. शिवाय काही जंतू तेच खाऊन पातळ करीत. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांनी बायकोला विचारले, तुझ्या जेल्या उन्हाळ्यात कशा गं टिकतात? फॅनी हेसे स्वयंपाकात चायना ग्रास, म्हणजेच अगार वापरीत. जावात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना ते समजले होते. ही गोष्ट १८८१ची. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही तेच वापरतात. बाईंच्या नावाने मात्र ते कोणी ओळखत नाही.

चायना ग्रासची रीत सगळी उलटी. एक लिटरला दहा ग्रॅम काड्या भिजवून पाण्यात चांगल्या उकळाव्यात, पार विरघळल्या की गाळाव्यात. आंबट रस त्यातच घालून उकळू नये, मागाहून घालावा, आणि तो गार नको, नाहीतर गुठळ्या होतात. म्हणूनच गार फेसाळ वाइनशी ह्याचे पटत नाही. अननस मात्र खुशाल कच्चा घाला. थरांच्या बाबतीत तर जिलेटिनचे सगळे विसरा: इथे वरचा थर गरमच ओतायचा, खालच्यावर नुकती साय धरलेली असताना. खालचा एकदा धरला की पाऊणशे अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, पण पुरता गार झाला तर वरच्याला जवळ करीत नाही.

वाइनची जेली मी सोडलेली नाही. सूनबाईच्या मैत्रिणी आल्या की होते. पण तिचे प्याले आता वेगळे, निळ्या काचेचे, आणि ते वेगळ्या टेबलावर. परात मी फिरवीत नाही. ज्याला हवा त्याने जाऊन घ्यावा, आणि तिथे सूनबाई उभी राहून काय आहे ते प्रत्येकाला सांगते.

ह्या भाऊबीजेला वन्सं आमच्याकडे येणार आहेत. खाली कोकमाचा थर आणि वर नारळाच्या दुधाचा, सोलकढीचेच दोन रंग, असा बेत आहे. भाच्याचा काल फोन आला होता. म्हणाला, “मामी, मी दुपारीच येतो. काड्या भिजत घाला, पण उकळू नका. मागच्या वेळी तुम्ही गाळायला विसरलात.”