‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय डाऊन?

तुम्ही गंगापूर, लासूर स्टेशन किंवा वाळूजकडचे असाल तर हे दृश्य तुम्हाला नवीन नाही. सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन घरातलं कुणीतरी सेवा केंद्राबाहेर बसलेलं असतं. आतून आवाज येतो, ‘सर्व्हर डाऊन आहे, दुपारून या.’ दुपारी गेलं की उत्तर येतं, ‘रात्री अकरानंतर चालतंय बघा.’ म्हणजे दिवसाचा रोज बुडाला आणि वर रात्रीचं जागरण.

२०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा आला. त्याची ३१ जुलैची मुदत पुढे ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली आणि ओटीपी येत नसल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. तुमच्यापैकी जे २०२१ चे दहावीवाले आहेत, त्यांनी तर १६ जुलैला दुपारी एक वाजल्यापासून रिफ्रेश मारून मारून बोटं दुखवून घेतली होती. निकाल लागला होता, पण वेबसाइट तासन् तास उघडत नव्हती. त्यानंतर आठवडाभरातच अकरावी सीईटीच्या नोंदणीचं पोर्टलही बंद पडलं आणि २६ जुलैला पुन्हा सुरू झालं. पुढे हायकोर्टाने ती सीईटीच रद्द केली, तो विषय वेगळा.

प्रत्येक वेळी शब्द तेच, ‘सर्व्हर डाऊन’. आम्ही बातम्या लिहिणारेही तेच छापतो आणि पुढे जातो. डॉक्टरने नुसतं ‘तब्येत बरी नाही’ म्हणावं, तसं हे झालं. वर सांगितलेल्या सगळ्या प्रकारांमागे एकच आजार होता, असा माझा दावा नाही. पण गर्दीच्या दिवशी साइट मरण्याचं एक कारण जगभर वारंवार सापडतं आणि ते समजायला कोडिंग यायची गरज नाही. त्याचं नाव कनेक्शन पूल.

बसस्टँडजवळची रसवंती डोळ्यांसमोर आणा. मालकाकडे दहा ग्लास आहेत. गिऱ्हाईक रस पितं, ग्लास विसळला जातो आणि पुढच्याला मिळतो. प्रत्येकासाठी कुणी बाजारातून नवा ग्लास आणत नाही. वेबसाइटचंही असंच चालतं. तुमची माहिती डेटाबेसमध्ये असते आणि तिथपर्यंत जायला कनेक्शन लागतं. नवं कनेक्शन उघडणं महाग पडतं, कारण ओळख पटवायची, पासवर्ड तपासायचा, मेमरी द्यायची. पोस्टग्रेससारखा डेटाबेस तर दर कनेक्शनला एक स्वतंत्र प्रोसेस सुरू करतो. म्हणून थोडी कनेक्शन उघडून ठेवतात आणि तीच फिरवतात. स्प्रिंग बूटसोबत येणाऱ्या हिकारी पूलमध्ये, कुणी सेटिंग बदललं नाही तर, असे ‘ग्लास’ दहाच असतात. ग्लास मिळाला नाही तर मागणारा ३० सेकंद थांबतो आणि मग एरर येते.

दहा म्हणजे फारच कमी वाटतात ना? हिशोब करा. एका कामाला २० मिलिसेकंद लागत असतील, तर एक कनेक्शन सेकंदात ५० कामं उरकतं आणि दहा मिळून ५००. तालुक्याला पुरून उरेल!

आता एक गिऱ्हाईक भरलेला ग्लास हातात धरून फोनवर बोलत उभं राहिलं तर? कोडमध्ये हे सर्रास होतं. प्रोग्राम डेटाबेसचं कनेक्शन घेतो आणि ते हातात धरूनच बाहेरच्या सेवेला ‘ओटीपी पाठव’ म्हणतो, मग उत्तराची वाट बघतो. बाहेरून उत्तर यायला दोन सेकंद लागले की तेच दहा ग्लास सेकंदाला फक्त पाच जणांना पुरतात. ५०० वरून थेट ५! सव्विसाव्या माणसाचा नंबर येईपर्यंत लोक वैतागून पुन्हा बटण दाबतात. जुनी विनंती रांगेत तशीच असते आणि तिच्या मागे नवी उभी राहते. गंमत म्हणजे तेव्हा डेटाबेस जवळपास रिकामा बसलेला असतो. चरक थांबलाय, ऊस पडलाय, फक्त ग्लास नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे ग्लास घेऊन घरी जाणारं गिऱ्हाईक. एरर आली की कोड मध्येच बाहेर पडतो आणि कनेक्शन परत करायचं राहून जातं. याला लीक म्हणतात. हा आजार छुपा आहे. सकाळी सगळं छान चालतं, दुपारपर्यंत एकेक ग्लास गायब होतो, संध्याकाळी साइट बंद. मग कुणीतरी रीस्टार्ट मारतं, सगळे ग्लास परत येतात आणि ‘तांत्रिक अडचण दूर झाली’ असं जाहीर होतं. दुसऱ्या दिवशी तेच.

तिसरी चूक घाईत केलेल्या उपायाची. गर्दी वाढली की आणखी सर्व्हर लावतात. पण प्रत्येक सर्व्हर स्वतःचा पूल घेऊन येतो. पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शन घेतो, मायएसक्यूएल १५१. दहा-दहाच्या पूलचे दहा सर्व्हर झाले की पोस्टग्रेसचा कोटा संपला. मर्यादा हजारावर नेली तरी चरक एकच आहे, ग्लास वाढवल्याने रस जास्त निघत नाही.

मग आधी बघायचं काय? दोन आकडे वेगळे काढायचे: कनेक्शन मिळायला किती वेळ लागला आणि प्रत्यक्ष क्वेरीला किती. पहिला मोठा आणि डेटाबेसचा सीपीयू शांत असेल, तर कुणीतरी ग्लास अडवून बसलंय. सीपीयू शंभर टक्क्यांवर असेल, तर क्वेरीच जड आहे, तिथे इंडेक्स तपासा. पोस्टग्रेसमध्ये ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी कनेक्शन दिसली की अर्धा गुन्हा उघड झाला. हिकारीत लीक पकडायचं सेटिंग आहे, पण ते मुळात बंद असतं, चालू करावं लागतं.

निकालासारख्या गोष्टीसाठी तर डेटाबेसला हातही लावायची गरज नसते. एकदा लागलेला निकाल बदलत नाही, त्याची पानं आदल्या रात्री तयार करून ठेवता येतात. राहता राहिला शेवटच्या तारखेचा प्रश्न. सगळ्या राज्याला एकाच मध्यरात्रीची मुदत द्यायची आणि मग गर्दी झाली म्हणायचं, हे काही पटत नाही. जिल्ह्यानुसार तारखा ठेवायला कोडची एक ओळही लागत नाही.

२०२१ ला रिफ्रेश मारणारे काहीजण आता इंजिनिअरिंगला आहेत. तुम्ही त्यातले असाल तर आज एक करून बघा. प्रोजेक्टमधला पूल दोनवर आणा. एका फंक्शनमध्ये कनेक्शन धरून प्रोग्राम पाच सेकंद झोपवा आणि रूममेट्सना एकदम दहा टॅब उघडायला सांगा. दोन टॅब चालतील, आठांवर चकरी फिरत राहील. त्याच वेळी डेटाबेसचा सीपीयू बघा. काटा हललेलाही नसेल.