कल्याणच्या सुनेला नाव का नाही?

दिव्याहून कल्याण चौथे स्टेशन. याच दिवा जंक्शनवरून वसईलाही गाडी जाते. मराठी मुलांसाठी लिहिलेल्या लढायांच्या पुस्तकांतल्या दोन अतिशय लाडक्या गोष्टी नेमक्या या दोन गावांच्या आहेत. १६५७ मध्ये कल्याण स्वराज्यात आले, तेव्हा सुभेदार मुल्ला अहमदची सून धरून शिवाजी महाराजांपुढे आणली गेली आणि महाराजांनी तिला साडीचोळी देऊन परत पाठवले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा म्हणे पोर्तुगीज किल्लेदाराची बायको अशीच सन्मानाने परत गेली. दोन्ही गोष्टींत बाईला नाव नाही. ती एक शब्द बोलत नाही. तिला आणतात आणि पाठवतात.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. कल्याणची गोष्ट समकालीन कागदांत सापडत नाही, ती नंतरच्या बखरींतून आली. पण लढाईत बायकांना हात लावायचा नाही हा महाराजांचा दंडक होता, हे खाफीखानासारख्या त्यांना शिव्या घालणाऱ्या मोगल इतिहासकारानेही नोंदवले आहे. बाईवर अत्याचार करणाऱ्या रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडल्याचे पत्र तर प्रसिद्धच आहे. सतराव्या शतकात हा दंडक घालणारा राजा मोठाच. माझे भांडण त्याच्याशी नाही. ते आहे आजच्या लेखकांशी, ज्यांना बाराव्या वर्षाच्या मुलीच्या हाती द्यायला या गोष्टीत फक्त राजाचा मोठेपणा दिसतो.

या गोष्टीची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. सावरकरांनी १९६३ च्या 'भारतीय इतिहासातील सहा सोनेरी पाने'त याच दोन प्रसंगांवर बोट ठेवले. शत्रूच्या बायका परत पाठवण्याला त्यांनी सद्गुणविकृती ठरवले. आपल्या स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांचा विसर पडला, असा त्यांचा आक्षेप. वाचताना अंगावर काटा येतो. पण जरा थांबून विचार करा. एक म्हणतो परत करा, दुसरा म्हणतो का परत केली? दोघांच्या मध्ये उभी असलेली बाई तीच, मुकी, मान खाली घातलेली. ती कुणाची तरी अब्रू आहे. अब्रू राखायची असते, परत करायची असते, नाहीतर तिचा सूड घ्यायचा असतो. पहिल्या गोष्टीवर वाढलेल्या पोराला दुसरी पटवून द्यायला फार वेळ लागत नाही, कारण बाई म्हणजे काय हे दोन्हींत एकच आहे. १९९२–९३ ची मुंबई ज्यांनी पाहिली त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आमच्या गटाचे दिव्यात छोटेसे वाचनालय आहे, चाळीच्या खोलीत दोन कपाटे. मुंब्र्याच्याही काही मुली येतात. मागे ही गोष्ट वाचून झाल्यावर त्यांतल्या एकीने विचारले, "ताई, तिला पकडलं तेव्हा ती काय करत होती?" खोलीतल्या कुणालाच उत्तर देता आले नाही. पुस्तकातही नव्हते. लेखकाला घोड्यांचे रंग ठाऊक होते, किल्ल्याच्या दरवाजाची उंची ठाऊक होती.

आणि हे एका पुस्तकाचे दुखणे नाही. हरिभाऊ आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला'मध्ये सिंहगडावर एक बाई आणली, ती उदयभानूने पळवून आणलेली, सती जायला निघालेली कमलकुमारी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे माझा जीव की प्राण, तो तुमच्या मुलींनाही खुशाल द्या. पण मालेतल्या पुस्तकांची नावे वाचा: 'बालबहाद्दर', 'जवानमर्द'. मुलीने स्वतःला यात बसवायचे कुठे? हिरकणीचेच घ्या. रोज दूध घेऊन रायगड चढणारी ही गवळण. तो कडा पहारेकऱ्यांपेक्षा तिलाच जास्त ठाऊक असणार. पण गोष्टीत तिचे पाय नाहीत, तिची हातोटी नाही, फक्त पान्हा आहे. आमच्याकडे मुलीला कडा उतरायचा असेल तर आधी आई व्हावे लागते!

"पण बाई, तेव्हा बायका लढतच नव्हत्या, लेखक काय करील?" हा प्रश्न हमखास येतो. राजाराम महाराज १७०० मध्ये गेले तेव्हा ताराबाई पंचविशीत होत्या. पुढची सात वर्षे, औरंगजेब मरेपर्यंत, त्यांनी मोगलांशी युद्ध चालवले. १६७८ मध्ये बेळगावकडच्या बेलवडीच्या देसाईणीने, मल्लम्माने, एक लहानशी गढी मराठी फौजेविरुद्ध जवळजवळ महिनाभर लढवली. ही तर केवढी रंगतदार कादंबरी! पण तिच्यात शूर बाई समोरच्या बाजूला आहे, म्हणून आपला लेखक तिच्या वाटेला जात नाही.

आणि अगदी काल-परवाचे उदाहरण हौसाबाई पाटलांचे. क्रांतिसिंह नाना पाटलांची ही मुलगी २०२१ मध्ये वारली. दुसरे महायुद्ध चालू होते, सातारा-सांगलीकडे प्रतिसरकार उभे राहत होते. १९४३ मध्ये भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातल्या बंदुका पळवायच्या ठरल्या. बेत असा: ठाण्यासमोर एका साथीदाराने नवरा व्हायचे, हौसाबाईंनी बायको, आणि त्याने तिला मारायचे. त्याने दगड उचलून डोक्यात घालण्याची धमकी दिली तेव्हा पोलीस सोडवायला बाहेर आले. तेवढ्यात इतरांनी आतल्या बंदुका उचलल्या.

मैत्रिणींनो, या प्रसंगावर आपण तासभर बोलू शकतो. बायकोला मारणारा नवरा रस्त्यावर इतका नेहमीचा, की त्या सोंगाचा कुणाला संशय आला नाही. जे दुखणे घेऊन बायका आपल्या केंद्रावर येतात, तेच एका सतरा वर्षांच्या मुलीने हत्यार म्हणून वापरले. पुढच्या वर्षी ती गोव्यात गेली. तुरुंगातल्या साथीदाराला बहीण म्हणून भेटली, सुटकेची चिठ्ठी अंबाड्यात लपवून. परत येताना पोलिसांच्या नजरा चुकवायच्या म्हणून रात्री लाकडी पेटीवर पडून मांडवी ओलांडली. नदी, रात्र, पाळत, चिठ्ठी. साहसकथेला आणखी काय लागते? त्याच काळात, ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२, बावीस वर्षांची उषा मेहता मुंबईत जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवत होती. १९५५ ते १९६१ लिबिया लोबो गोव्याच्या सीमेवरच्या जंगलातून गुप्त नभोवाणी चालवत होत्या. या तिघींवर बाराव्या वर्षाला झोपू न देणारी मराठी कादंबरी माझ्या हाती तरी आजवर लागलेली नाही. स्मरणिकेतले परिच्छेद लागले आहेत.

एक धोकाही सांगायला हवा. आता काही प्रकाशकांना 'रणरागिणी' सापडल्या आहेत. पाठीला मूल, हातात तलवार, डोळ्यांत अंगार, आणि पायाखाली नेहमी एकाच धर्माचा शत्रू. मुलीच्या हाती तलवार दिली की काम झाले, असे ज्यांना वाटते त्यांच्या पंगतीत आपण बसू नये. मला भीती वाटणारी मुलगी हवी. चुकणारी, उपाशी, गावात फौज घुसल्यावर धान्य कुठे पुरायचे ते ठरवणारी, आणि समोरच्या छावणीतल्या मुलीलाही नाव आहे हे जाणणारी. लढाईच्या काळात बहुतेक मुली गडावर नव्हत्याच, त्या गावात होत्या. परीट, वंजारी, महार, कोळी घरांतल्या त्या मुलींच्या अंगावरून कितीदा फौजा गेल्या. त्यांच्यावर कुणी लिहीत नाही, कारण त्यांना वाचवून कुणी मोठा होत नाही.

आमच्या कपाटातून आम्ही एकही जुने पुस्तक काढलेले नाही, काढणारही नाही. पण शाळांना बक्षिसांसाठी पुस्तके सुचवताना आपण गप्प का बसतो? पुढच्या वर्षीच्या यादीसाठी प्रत्येक गटाने दोन प्रश्न घेऊन बसावे: या पुस्तकातल्या मुलीला नाव आहे का, आणि ती काही ठरवते का? आणि आपल्यापैकी कुणी हौसाबाईंवर लिहायला घेतले, तर हस्तलिखित प्रकाशकाकडे नेण्याआधी आमच्याकडे द्या. मुली रविवारी दुपारी बसतात, आणि कंटाळा आला तर तोंडावर सांगतात.