‘कर्करोगाशी झुंज अपयशी’: हा मथळा रुग्णाला काय सांगतो?

एखाद्या नामवंत व्यक्तीचे कर्करोगाने निधन झाले, की बातमीचा मथळा बहुतेक ठरलेला असतो: ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’. तुमच्या घरी कुणावर उपचार सुरू असतील, तर हा मथळा तेही वाचतात. ‘म्हणजे ती व्यक्ती कमी पडली का?’ हा प्रश्न त्यांच्या मनात येऊ शकतो.

हा शब्द कुठून आला?

कर्करोग आणि युद्ध यांचे नाते जुने आहे. केमोथेरपीच्या पहिल्या औषधांपैकी एक, नायट्रोजन मस्टर्ड, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रासायनिक अस्त्रांवरील संशोधनातून पुढे आले. १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही केली. ‘कर्करोगाविरुद्धचे युद्ध’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला. सरकारकडून निधी मिळवायला ही भाषा उपयोगी पडते. रुग्णाच्या खाटेशी मात्र ती जपून वापरावी लागते.

जिद्दीने आजार बरा होतो का?

उपचारांचे यश कर्करोगाचा प्रकार, टप्पा, पेशींमधील जनुकीय बदल, औषधांना मिळणारा प्रतिसाद आणि रुग्णाची एकूण प्रकृती यांवर अवलंबून असते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ५७८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लढाऊ वृत्तीमुळे आयुष्य वाढते, असे त्यात आढळले नाही. ज्यांना तीव्र हतबलता वाटत होती, त्यांच्यात मात्र आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका काहीसा जास्त दिसला. म्हणून रडू आले, भीती वाटली तर उपचार वाया जातील असे समजू नका. पण निराशा अनेक दिवस टिकली, झोप आणि जेवण कमी झाले, तर डॉक्टरांना जरूर सांगा. त्यावरही उपचार आहेत.

थांबणे म्हणजे हार नव्हे

या शब्दाचा सर्वात मोठा तोटा आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर दिसतो. केमो थांबवणे म्हणजे ‘शस्त्र खाली ठेवणे’ वाटते. त्यामुळे वेदना आणि धाप कमी करणारे उपचार, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर, उशिरा सुरू होतात. २०१० मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्यांचे रोजचे जगणे अधिक सुसह्य झाले. शेवटच्या काळात त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले, तरीही त्यांचे मध्यम आयुर्मान ११.६ महिने होते. इतरांचे ८.९ महिने होते.

तुम्ही काय करू शकता?

काही रुग्णांना ‘मी लढतोय’ म्हटल्याने बळ येते. तो शब्द त्यांचा स्वतःचा असेल, तर तुम्हीही वापरा. पण आपणहून ‘तुला लढायलाच हवं’ असे म्हणू नका. त्याऐवजी ‘आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?’ असे विचारा. डॉक्टरांना विचारा: ‘या उपचाराचा उद्देश काय? आजार बरा करणे, तो आटोक्यात ठेवणे, की त्रास कमी करणे?’

या तिन्ही उत्तरांत उपचार आहेत. आजार वाढला, तर तो उपचारांना दाद देत नाही, इतकाच त्याचा अर्थ. त्यात रुग्ण कुठेही हरलेला नसतो.